स्पीकर पारखताना आधी गळा, मग तबला, बास सर्वांत शेवटी

दुकानातल्या डेमोत पहिल्या पाच मिनिटांत जो स्पीकर मनात भरतो, तो पुष्कळदा भलत्याच कारणाने भरलेला असतो. शेजारच्या जोडीपेक्षा तो जरा मोठ्याने वाजत असतो, त्याचे वरचे सूर थोडे चढे असतात, नाहीतर बास फुगलेला असतो. हीच जोडी घरी आली की पहिले आठ दिवस कौतुकात जातात आणि मग तासाभरात कान शिणायला लागतात. हळूहळू गाणं लावायचं मनच होत नाही. पैसे गेल्याचं एक वेळ सोसेल, पण गाणं सुटणं फार वाईट.

म्हणून लाख-दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम मोजण्याआधी पारख कशी करायची, त्याची ही रीत. लागतं फार थोडं: एक मोजपट्टी, मोबाइल, वही आणि ओळखीची सात-आठ रेकॉर्डिंग्ज. सुरुवातीला किचकट वाटेल, पण दोन-तीनदा केली की अंगवळणी पडते.

सोबत काय न्यायचं

दुकानदाराची डेमोची गाणी ऐकू नका. ती छानच वाजणार, त्यासाठीच ती निवडलेली असतात. स्वतःची न्या, आणि ती सीडीवर किंवा फ्लॅक फाइलमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेल्या फाइलमध्ये न्या. मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवलेल्या गाण्यावर महागड्या स्पीकरची परीक्षा घेऊ नये. प्रत्येक रेकॉर्डिंगमधला ६० ते ९० सेकंदांचा तुकडा आधीच ठरवून वहीत वेळ लिहून ठेवा. अख्खं गाणं ऐकत बसलं की मन गाण्यात जातं आणि आवाज बाजूला राहतो.

पहिलं रेकॉर्डिंग बोलण्याचं हवं. एक पुरुषाचा आवाज, एक बाईचा, साधं मराठी बोलणं, मागे संगीत नाही. दुसरं एखादं जुनं मोनो भावगीत. तिसरं आणि चौथं तानपुऱ्याच्या साथीचा ख्याल, एक पुरुष गायकाचा आणि एक गायिकेचा, म्हणजे पट्टी वेगळी मिळते. पाचवं तबल्याचं स्वतंत्र वादन. सहावं संतूर किंवा सतार, आघात नेमके कळण्यासाठी. सातवं गर्दीचं: ढोलकी, हार्मोनियम, टाळ आणि कोरस सगळं एकदम चालू असलेलं. आठवं म्हणजे पिंक नॉइज, सगळ्या सप्तकांत सारखी ऊर्जा असलेली एकसंध सरसर. ती फुकट मिळते आणि कुठल्याही गाण्यापेक्षा लवकर दोष दाखवते.

इतकी रेकॉर्डिंग्ज घ्यायचं कारण आहे. कुठलंही रेकॉर्डिंग कोणीतरी कुठल्यातरी स्पीकरवर ऐकून तयार केलेलं असतं, त्यामुळे ते मुळात कसं वाजायला हवं हे आपल्याला नेमकं कळत नाही. दोष एकाच रेकॉर्डिंगमध्ये दिसला तर तो रेकॉर्डिंगचा समजा. सगळ्यांत दिसला तर तो स्पीकरचा किंवा खोलीचा.

कानांना खरा आवाजही ठाऊक हवा. सवाई गंधर्व महोत्सवात ऐकलेलं गाणं मनात कितीही घर करून असलं, तरी तिथला आवाज मांडवातल्या ध्वनियंत्रणेतून येतो, तो इथे प्रमाण धरता येत नाही. घरगुती बैठक, तबल्याचा क्लास, गावच्या देवळातलं मायक्रोफोनशिवायचं भजन, अशा ठिकाणी दहा फुटांवर बसून नुसतं ऐका. डग्ग्याचा घुमारा प्रत्यक्षात किती मोकळा आणि किती लवकर विरणारा असतो, हे एकदा कानात बसलं की फुगवलेला बास लगेच ओळखू येतो.

आवाजाची पातळी जुळवणं

नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात. दोन स्पीकरांत एका डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा 'जास्त स्पष्ट', 'जास्त भरीव' वाटतो. तो मोठा वाजतोय हे मात्र लक्षात येत नाही. शिवाय आवाज कमी असताना कानाला बास आणि वरचे सूर मधल्या सुरांच्या मानाने कमी ऐकू येतात. हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं आहे. म्हणजे पातळी बदलली की सुरांचा तोलच बदलतो.

स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच शक्तीवर तो किती मोठा वाजतो ते, वेगवेगळी असते. ८४ डेसिबलवाली जोडी आणि ९० डेसिबलवाली जोडी एकाच नॉबवर वाजवली, तर दुसरी ६ डेसिबलने मोठी वाजेल. पहिलीला तेवढंच वाजायला चौपट शक्ती लागेल. अशा तुलनेला काही अर्थ नाही.

जुळवायचं असं. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर मोबाइल ठेवा आणि त्यावर आवाज मोजणारं ॲप लावा. ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण दोन स्पीकरांतला फरक तो ठीक दाखवतो आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. ५०० ते २००० हर्ट्झपुरती मर्यादित पिंक नॉइज एका स्पीकरवर वाजवा. बासचा पट्टा घेतला तर खोली आकडा बिघडवते, म्हणून हा मधला पट्टा. ॲप संथ प्रतिसादावर ठेवून आकडा ७५ डेसिबलच्या आसपास आणा आणि नॉबची खूण लिहून ठेवा. मग दुसरी जोडी लावून तोच आकडा आणा. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत यायला हवा.

त्याआधी ॲम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण, टोनचे नॉब, खोलीनुसार आवाज सुधारणारी प्रणाली आणि सबवूफर (फक्त बासचा वेगळा स्पीकर) हे सगळं बंद आहे याची खात्री करा. एसी बंद करायला सांगा. घरी ऐकताना पंखाही बंद. छताच्या पंख्याची घरघर बारीक तपशील गिळते आणि फिरत्या पात्यांमुळे लांबलेला सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. तानपुरा ऐकताना हे फार जाणवतं.

मांडणी

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, बाजू साधारण सात-आठ फूट. ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर, म्हणजे बसल्यावर जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास. दोन्ही बाजूंचं अंतर मोजपट्टीने मोजा, एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको.

आता जोडणी तपासा. पिंक नॉइज मोनोमध्ये दोन्ही स्पीकरवर लावा. आवाज दोघांच्या बरोबर मधोमध, जणू हवेत उभ्या केलेल्या एका बारीक खांबातून आला पाहिजे. तो पसरट वाटला, डोक्याच्या मागे-पुढे तरंगल्यासारखा झाला आणि बास गायब झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली आहे. असं चांगल्या दुकानांतही घडतं. तारेच्या दुसऱ्या टोकाला १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवून पाहिलं, तरी दोन्ही वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणारे मोठे पडदे एकाच दिशेला हलतात की नाही ते दिसतं. त्या वेळी तार ॲम्प्लिफायरमधून काढलेली असावी.

खांब मधे न येता एका बाजूला सरकला असेल तर अंतर पुन्हा मोजा. तरीही तो सरकलेलाच राहिला तर डावा-उजवा स्पीकर आपसांत बदलून लावा. खांबही बदलून दुसरीकडे गेला तर जोडीतले दोन स्पीकर एकसारखे नाहीत. या किमतीत हा दोष चालवून घेऊ नका. खांब होता तिथेच राहिला तर खोलीचा दोष, एका बाजूला खिडकी आणि दुसरीकडे कपाट असलं की असं होतं.

एकच स्पीकर ऐका

हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, पण स्वरगुण पारखायला जोडीपेक्षा एकटा स्पीकर बरा. फ्लॉइड टूल यांनी ओटावात, कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९८० च्या दशकात श्रोत्यांना पडद्याआड स्पीकर ऐकवून पुष्कळ प्रयोग केले. एकट्या स्पीकरवर मोनोमध्ये ऐकताना श्रोते दोष जास्त अचूक पकडतात, आणि स्टिरिओत तेच दोष जागेच्या, विस्ताराच्या आभासाखाली दबतात, असं त्यांतून दिसलं. म्हणून आधी डावा स्पीकर बंद करा, गाणं मोनो करा आणि पुढची सगळी पारख उजव्यावर करा. स्टिरिओ शेवटी.

गळा

सुरुवात बोलण्याने करा. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतो, त्यात जरा खोट असली तरी कान ती लगेच पकडतो. बीबीसीच्या संशोधन विभागाने आपले मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचे स्पीकर घडवताना बोलण्याचा आवाज ही एक महत्त्वाची कसोटी मानली होती. १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर त्याच परंपरेतून आला.

डोळे मिटा आणि विचारा: समोर माणूस बसून बोलतोय, की खोक्यातून कोणी बोलतंय? पुरुषाचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत असेल तर १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगला आहे. डब्यातून आल्यासारखा वाटला तर २०० ते ४०० च्या आसपास पाहा, तिथे स्पीकरच्या पेटीचं लाकूड वाजत असण्याचा संभव असतो. अशा वेळी पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने ठोका. 'ठक्' असा मुका आवाज यावा, ढोलक्यासारखा सूर निघू नये. नाकात बोलल्यासारखं किंवा कर्ण्यातून आल्यासारखं वाटत असेल तर दोष ६०० ते १००० हर्ट्झमध्ये. २ ते ४ हजारांचा भाग चढा असला की आवाज पुढे येतो, पहिल्यांदा 'काय स्पष्ट आहे!' असं वाटतं आणि वीस मिनिटांत टोचायला लागतो.

मग व्यंजनांकडे या. 'चमचा'मधला च, 'सासू', 'शिस्त', 'साखर'. स आणि श वेगळे कळले पाहिजेत, पण प्रत्येक स नंतर वाफ सुटल्यासारखा फुत्कार नको. तो ५ ते ८ हजार हर्ट्झमधल्या उंचवट्याचा. स अगदीच बोथट, ओठावर रुमाल धरल्यासारखा असेल तर तिथे खळगा आहे. बाईच्या आवाजावरही हेच करा, कारण एकावर लपलेला दोष दुसऱ्यावर उघडा पडतो.

आता पिंक नॉइज लावून डोकं हळूहळू एक फूट वर-खाली न्या, मग उभे राहा, मग बाजूला चार पावलं चाला. सरसरीचा रंग थोडा मावळेल, ते ठीक. पण तो एकदम बदलला, मधेच पोकळ झाला, तर वूफर आणि ट्विटर ज्या क्रॉसओव्हरवर एकमेकांच्या हाती आवाज देतात तिथे त्यांचं जुळलेलं नाही. हे केवळ बाजूला बसणाऱ्या पाहुण्यांपुरतं महत्त्वाचं आहे असं समजू नका. स्पीकरने बाजूला फेकलेला आवाज भिंतींवर आपटून तुमच्याच कानात येतो, आणि तो मुख्य आवाजाशी विसंगत असला की कानाला सतत काहीतरी खटकत राहतं.

तानपुरा

तानपुऱ्याने बासची परीक्षा होते असा समज आहे, तो चुकीचा. पुरुषाच्या काळी एकच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेचा मूळ सूर सुमारे ६९ हर्ट्झ असतो, पण तो स्वतः क्षीणच असतो. वरच्या पटीतले सूर ऐकून कान खालचा सूर मनानेच भरून घेतो. छोट्या स्पीकरवरही खर्ज 'ऐकू येतो' तो त्यामुळे. तानपुऱ्याची खरी परीक्षा वरच्या सुरांत आहे. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताने जवारी खुलते, तार छेडल्यावर वरचे सूर एकामागून एक उमलत जातात आणि विरताना रंग बदलतात. मिरजेचा नीट जवारी काढलेला तानपुरा जवळून ऐकला असेल तर हे सांगावं लागणार नाही.

चांगल्या स्पीकरवर ते उमलणं सलग ऐकू येतं. दोषी स्पीकरवर तार कुठलीही छेडली तरी एकच सूर डोकं वर काढत राहतो, कारण त्या कंप्रतेला स्पीकरचा पडदा किंवा पेटी स्वतःच वाजायला लागते. पण एक सावधगिरी घ्या. काही तानपुऱ्यांत गंधार मुळातच ठसठशीत बोलतो. म्हणून गायिकेच्या काळी चारच्या रेकॉर्डिंगवर तेच ऐका. पट्टी बदलली तरी तोच सूर, त्याच उंचीवर टोचत असेल, तर तो स्पीकरचा. पट्टीबरोबर सरकला तर तो तानपुऱ्याचा गुण आहे.

तबला

तबल्याइतकी चोख कसोटी दुसऱ्या कुठल्या तालवाद्यात क्वचितच सापडेल. साध्या ढोलाच्या चामड्याची वरची कंपनं मूळ सुराच्या पटीत नसतात, म्हणून तो ठरावीक सुरात लागत नाही. तबल्याची शाई मधोमध वजन देऊन ती कंपनं पटीत आणते. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं. म्हणजे एका थापेत आघातही आहे आणि स्पष्ट सूरही, आणि स्पीकरला दोन्ही सांभाळावे लागतात.

चाटेवरचा 'ना' ऐका. आधी बोटाचा कोरडा टणत्कार, लगेच त्याच्या पोटातून सूर, असं दोन्ही वेगळं आणि तरी एकजीव यावं. नुसताच टणत्कार आला तर वरचे सूर चढे आहेत. पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखं वाटलं तर ट्विटर मागे पडतोय. 'तूं' गोल घुमून आपापला विरला पाहिजे. मग द्रुत लयीतला रेला लावा, बोलांमधली फट बुजता कामा नये. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड हा यातला सर्वांत मोलाचा तुकडा. सूर खालून वर चढताना आवाजाची जाडी सारखी राहावी. मधेच एका जागी तो फुगला आणि पुढे बारीक झाला, तर तिथे एक उंचवटा आहे, आणि तो बहुधा खोलीचा असतो.

संतूरवर फार वेळ घालवायची गरज नाही, आघात नेमके आणि काच फुटल्यासारखी किरकिर नाही एवढं पुरे. गर्दीचं रेकॉर्डिंग मात्र दोन पातळ्यांवर ऐका: आधी ७५ डेसिबलवर, मग ८५ वर. पातळी वाढल्यावर आवाज फक्त मोठा व्हावा. कोरस एकमेकांत मिसळून गोंगाट झाला, टाळ कर्कश झाले तर स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर यांपैकी कोणाचा तरी दम सरला आहे.

आता दोन्ही स्पीकर लावून स्टिरिओ ऐका. जुनं मोनो भावगीत इथे कामाला येतं. गायिका बरोबर मधे, लहान आणि स्थिर हवी. सात फूट रुंद गायिका नको. रेकॉर्डिंगमधली टेपची सरसर ऐकू येईल, ती यावी. जुन्या गाण्यातले दोष लपवणारा स्पीकर नव्यातले गुणही लपवतो.

एका दिवसात तीनपेक्षा जास्त जोड्या ऐकू नका आणि दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं शांत बसा. थकलेला कान चढ्या ट्रेबलला 'जिवंत' म्हणतो.

डोळ्यांआड

किंमत, कंपनीचं नाव, अक्रोडाच्या लाकडाचा चकचकीत थर, हे सगळं कानात शिरतं. कितीही अनुभव असला तरी शिरतं. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ऐकवले, तेव्हा दिसणाऱ्या रूपाने मतं ठळकपणे बदलली होती. हे श्रोते त्याच व्यवसायातले होते.

घरी हे जमतं. पातळ मलमलीचा पडदा लावा. कापडातून फुंकर सहज पार गेली तर आवाजही जातो. दोन मॉडेलांचा एकेक स्पीकर घ्या, जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा आणि मित्राला आळीपाळीने तो त्याच खुणेवर ठेवायला सांगा. जागा अर्धा फूट बदलली तरी बास बदलतो, म्हणून खूण महत्त्वाची. क्रम त्याने नाणं उडवून ठरवावा, तुम्ही फक्त वहीत दहापैकी गुण लिहावेत. बोलायचं नाही, त्यानेही चेहऱ्याने काही सुचवायचं नाही.

केबल, डॅक (डिजिटल फाइलचा विद्युत संकेत करणारं यंत्र) वगैरेंच्या बाबतीत तर पडद्याशिवाय मत देऊच नका. दहा वेळा ओळखायला लावा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एक आहे, तेवढं जमलं तर फरक खरा माना. स्पीकरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पाच मीटरपर्यंत पुरते. त्यापुढचे पैसे स्पीकरमध्ये घाला.

'दोनशे तास वाजले की आवाज खुलेल' असं सांगून कोणी न आवडलेली जोडी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्या दोनशे तासांत सरावतात ते मुख्यतः तुमचे कान.

कागद वाचणं

माहितीपत्रकातलं '४० हर्ट्झ ते २५ हजार हर्ट्झ' हे वाक्य सोबत 'अधिक-उणे ३ डेसिबल' असल्याशिवाय निरर्थक आहे. संवेदनशीलता २.८३ व्होल्टला दिलेली असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर ते एक नाही, दोन वॉट झाले. आकड्यातून ३ वजा करा. ८ ओहम म्हणून विकलेला स्पीकर कुठेतरी ३ ओहमपर्यंत उतरत असेल तर छोटा ॲम्प्लिफायर तिथे दमतो. ८६ डेसिबलच्या जोडीला दहा फुटांवरून ९५ डेसिबलचे क्षणिक आघात द्यायला साधारण २५ वॉट लागतात, म्हणजे ५० ते १०० वॉटचा चांगला ॲम्प्लिफायर घरगुती खोलीत पुरतो.

आलेख मिळाला तर सोन्याहून पिवळं. सीटीए-२०३४ या अमेरिकी मानकाप्रमाणे स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, एकूण ७० मापं घेतात आणि त्यांतून काही रेषा काढतात. सर्वांत वरची, समोरच्या आवाजाची रेषा सपाट हवी. खालच्या, बाजूला गेलेल्या आवाजाच्या रेषा उतरत्या पण गुळगुळीत हव्यात, मधे पायरी नको. एकाच जागी सगळ्या रेषांना उंचवटा असेल तर तो अनुनाद, आणि तो कानाला नक्की ऐकू येतो. आलेखाच्या उभ्या बाजूवर किती डेसिबल मांडलेत तेही पाहा. ५० ऐवजी १०० मांडले की डोंगर टेकडीसारखा दिसतो.

जुनी जोडी

वूफरच्या पडद्याभोवतीची कडा फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. चिकट लागली, बोटाला भुगा आला, तर कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती एक-दोन पावसाळेही काढणार नाही. रबराची कडा टिकते. पडदा दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून सरळ, अगदी हळू आत ढकला. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासते आहे, घेऊ नका. मागच्या बाजूला, तळाशी लाकडी भुशाचा बोर्ड फुगलाय का हेही पाहा.

बास, आणि तो घरीच

साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली तुम्ही जे ऐकता त्यावर स्पीकरपेक्षा खोलीचा हक्क जास्त. म्हणून दुकानात ऐकलेल्या बासवरून स्पीकर निवडायचाही नाही आणि टाकायचाही नाही. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती बास बाहेर जाऊ देत नाहीत, तो आतच आपटत राहतो. ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागा: १६ बाय ११ ची, साडेनऊ फूट उंचीची खोली असेल तर ३५, ५१ आणि ५९ हर्ट्झला ती स्वतः घुमेल.

स्पीकर भिंतीजवळ असला की भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला एका जागी खोडतो. ती जागा काढायला २८२ ला वूफर ते भिंत या फुटांतल्या अंतराने भागा. तीन फुटांवर ९४ हर्ट्झ, दोन फुटांवर १४१. ९४ म्हणजे नेमका डग्ग्याचा प्रांत. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांपासूनची अंतरं सारखी ठेवू नका, नाहीतर सगळे खळगे एकाच जागी पडतात.

सोफा भिंतीला टेकलेला असतो तिथे बास सर्वांत फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर लांबीचा घुमारा नाहीसा होतो. १६ फुटांच्या खोलीत मागच्या भिंतीपासून पाच-सहा फुटांवर बसून पाहा. जमत नसेल तर निदान दीड फूट पुढे या.

खोलीत टाळी वाजवा. 'टर्रर' असा उडता नाद आला तर उघड्या भिंती समोरासमोर आहेत. मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात ट्विटर दिसला की तिथे जाड गोधडी किंवा पुस्तकांचं कपाट येऊ द्या. टाइल्सच्या फरशीवर नुसती सतरंजी टाकून भागत नाही, ती फक्त वरचे सूर शोषते आणि खोली उलट बोजड वाटायला लागते. स्पीकर आणि तुमच्या मधे जाड गालिचा घाला, त्याच्या खाली कापसाची पातळ गादी असली तर आणखी चांगलं.

मग बास गिटारची चढती सरगम वाजवा. प्रत्येक सूर ओळखता यावा आणि सगळे साधारण सारखेच मोठे असावेत. एकच सूर धम्म वाजत असेल तर स्पीकर सहा-सहा इंच पुढेमागे करून पाहा, मागे छिद्र असेल तर सोबत आलेला फोमचा बोळा घालून पाहा. यूमिक-१ सारखा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम इक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर असेल तर नेमकं दिसेलच. तिथे येणारी रेषा बासकडून ट्रेबलकडे हळूहळू उतरती असते, तशीच असू द्या. ती सपाट करायला गेलात तर आवाज पांढरा, टोचरा होतो. ३०० हर्ट्झच्या खालचे उंचवटे इक्वलायझरने कापा. अरुंद खळगे मात्र भरू नका. तिथे कितीही शक्ती ओतली तरी भिंत ती तेवढीच खोडते, वूफर आणि ॲम्प्लिफायर फुकट तापतात. त्याऐवजी सोफा अर्धा फूट सरकवा आणि पुन्हा मोजा.